तेल जातं कुठे?

४ जानेवारी

आज सकाळी गाडी सुरू केली आणि मागून असा निळा धूर निघाला की समोरच्या न्हाव्याने दुकानाचं दार ओढून घेतलं. बॉनेट उघडून तेल मोजायची डिपस्टिक काढली. टोकाला जेमतेम ओल. महिन्यापूर्वीच मी वरच्या खुणेपर्यंत तेल भरलं होतं. मी स्वतः भरलं होतं, म्हणजे मापात चूक असण्याचा प्रश्नच येत नाही. अख्खी नोकरी वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून काढली. लोकांचे तराजू, लिटरची मापं, पेट्रोलपंपाचे काटे माझ्या सहीशिवाय खरे ठरत नव्हते. आणि आता माझ्याच घरात तेलाचा पत्ता लागत नाही!

गाडीचा आकडा तीन लाख किलोमीटरच्या घरात गेलाय. तिचं वय झालंय हे मान्य. हिला म्हटलं, "विकून टाकूया का?"

गेली कित्येक वर्षं ही त्या गाडीला डबडं म्हणत आलीय, त्यामुळे एका पायावर तयार होईल असं वाटलं होतं. तर म्हणाली, "नको नको! दुरुस्त करून घ्या. मला ती हवीय."

"तुला कशाला?"

"म्हणजे आपल्याला."

निवृत्त झाल्यापासून पाहतोय, ही मधूनच हळवी होते.

६ जानेवारी

गाडी मेकॅनिककडे नेली. हा माणूस इतका उंच आहे की बॉनेटखाली वाकला की प्रश्नचिन्हासारखा दिसतो. त्याने लांब स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावून इंजिन ऐकलं, डोळे मिटले, मान हलवली. मला वाटलं आता काहीतरी गंभीर सांगणार. तो म्हणाला, "भूक लागली. काका, तुम्ही बसा, मी खाऊन येतो."

आल्यावर मात्र नीट समजावून सांगितलं. तेल जायला तीन वाटा. एक तर गळतं, नाहीतर आत जळतं, "नाहीतर कोणीतरी चोरतंय," आणि स्वतःच हसला. तो म्हणाला, वरच्या खुणेपर्यंत तेल भरा आणि आधी मोजा. गाडीखाली पुठ्ठा टाका. सकाळी इंजिन गार असताना, सपाट जागेवर, डिपस्टिक पुसून पुन्हा घालून तेल बघा. किती चालली तेही बघा.

मोजा म्हणाला! दोन महिन्यांत पहिल्यांदा कोणीतरी माझ्या योग्यतेचं काम दिलं. हसण्यावारी नेलेली तिसरी वाट मी डोक्यातून काढलेली नाही.

९ जानेवारी

पुठ्ठ्यावर तेलाचे दोनच थेंब. वरच्या झाकणाच्या पॅकिंगमधून किंचित पाझरतंय, पण एवढ्याशाने डिपस्टिक कोरडी पडणार नाही. म्हणजे गळणं बाद.

दुपारी तळमजल्यावरची बसबाई गाडीभोवती घुटमळताना दिसली. ही बाई आयुष्यभर शहराची बस चालवून निवृत्त झाली, आणि अजूनही जिन्यातून उतरताना पुढच्याला "सरका, सरका" म्हणते. तिने माझ्या टायरला लाथ मारून पाहिली. मी गच्चीतून ओरडलो, "काही हवंय का?"

"नाही साहेब. हवा बघतेय."

आज हवा स्वच्छ होती. बघण्यासारखं त्यात काहीच नव्हतं.

१६ जानेवारी

मंगळवार-शुक्रवार मी वाचनालयात बुद्धिबळाला जातो. पायीच जातो. हिचा आग्रहच असतो, "चालत जा, तब्येतीला बरं. आणि घाई करू नका, डाव पुरा करूनच या." असा समजूतदारपणा सगळ्या बायकांनी दाखवला असता तर!

मोजणीत मात्र घोळ झालाय. परवा पाहिलेला किलोमीटरचा आकडा आणि आजचा आकडा जुळत नाहीत. गाडी हललेली नाही आणि काटा पुढे! हिला दाखवलं. ती म्हणाली, "अहो, आठ आणि शून्य सारखंच दिसतं तुम्हाला. चष्मा बदला." डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो. नंबर वाढलाच होता. हिचं निदान बरोबर निघालं.

आणखी एक. गाडीत बसायला गेलो तर गुडघे स्टिअरिंगला आपटले. सीट पार पुढे सरकवलेली. ही म्हणाली, मेकॅनिकने सरकवली असेल. मेकॅनिक माझ्यापेक्षा हातभर उंच आहे. वाकून बसायची सवय असेल बिचाऱ्याला.

१९ जानेवारी

ही फोनवर तिच्या बहिणीशी बोलत होती. मी पेपर वाचत होतो, तरी कानावर पडलंच. "चढावर थांबलं ना ताई, की अजून मागे सरकायला होतं गं. पाय लटपटतात."

गुडघे! ही मला कधी बोलली नाही. संध्याकाळी औषधांच्या दुकानातून गुडघ्यांचे पट्टे आणले. ही पट्ट्यांकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने पाहत राहिली आणि आत निघून गेली. आतून बराच वेळ खोकल्याचा आवाज येत होता. हसल्यासारखा खोकला आहे. त्यावरही औषध आणायला हवं.

तिच्या बहिणीच्या खुब्याचं ऑपरेशन ठरलंय. घाट ओलांडून पलीकडे त्यांचं गाव. हिला जाऊन राहायचंय, पण बसमध्ये घाटात हिला हमखास उलटी होते, आणि मी काही त्या घराची पायरी चढणार नाही. साडूचं किराणा दुकान होतं. तपासणीत त्याचा तराजू खोटा निघाला, मी सील ठोकलं. तो म्हणाला, "घरच्या माणसाने एकदा सांगायचं तरी होतं." मी म्हणालो, "तपासणी सांगून करत नाहीत." त्यानंतर आमचं बोलणं बंद. चूक कोणाची, हे लहान मूलही सांगेल.

२७ जानेवारी

यश! पेट्रोलपंपावर एक निळी बाटली मिळाली. तेलात ओतायची, आतले सगळे रोग बरे होतात असं वर लिहिलंय. आठ दिवसांपूर्वी ओतली. आज डिपस्टिक पाहतो तर तेल जिथल्या तिथे! थेंबभर कमी नाही. मेकॅनिकला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "काका, बाटलीने असं होत नसतं."

आपल्या विद्येवर पाणी पडलेलं कोणालाच आवडत नाही.

हिलाही सांगितलं. म्हणाली, "झालं ना मनासारखं? मग आता रोज रोज बघू नका." पण मी बघणार.

२ फेब्रुवारी

तेल वाढलंय.

तीनदा पुसून पाहिलं. वरच्या खुणेच्याही वर बोटभर. गाडी घेऊन थेट मेकॅनिककडे गेलो. त्याने डिपस्टिक हुंगली. पेट्रोल मिसळलं असेल तर वास येतो, तो नव्हता. पाणी शिरलं असेल तर तेल दुधासारखं दिसतं, तेही नव्हतं. चांगलं सोनेरी तेल! तो कमरेवर हात ठेवून उभा राहिला. "मी बऱ्याच गाड्या पाहिल्या काका. तेल पिणाऱ्या पाहिल्या. तेल घालणारी पहिलीच."

"घालणारी म्हणजे?"

"कोंबडी घालते तशी."

जास्तीचं तेल काढून टाकलं. मला रडावं की हसावं कळेना. तो मात्र हसत होता.

५ फेब्रुवारी

धुराची तपासणी नापास! केंद्रातल्या बाईने नळी लावली, इंजिन सुरू करायला सांगितलं, आणि धूर पाहून स्वतःच दोन पावलं मागे सरकली. महिनाअखेरीपर्यंत पास झाली नाही तर गाडी रस्त्यावर आणायची नाही. भंगारात घालावी लागेल.

मला वाईट वाटलं, पण ही तर जेवलीच नाही. ताटावरून उठून खिडकीत जाऊन उभी राहिली. "काहीही करून ती पास व्हायला हवी," म्हणाली. मी म्हटलं, "अगं, लोखंडाचं डबडं ते. दुसरी बघू कधीतरी." तर म्हणाली, "ताईचं ऑपरेशन कधीतरी नाहीये."

एका गोष्टीचा दुसरीशी काय संबंध, देव जाणे. पण मी फार वर्षांत हिला असं पाहिलेलं नाही. उद्याच्या उद्या मेकॅनिकला घरी बोलावतो.

७ फेब्रुवारी

आज आमच्या इमारतीखाली इंजिनाची सुनावणी झाली. मेकॅनिक, मी, आणि ही. बसबाई बिनबोलावता खुर्ची घेऊन आली.

मेकॅनिक म्हणाला, "तेल कमीच होत नाही म्हणता, तर मी शोधू काय?"

तेव्हा ही पुढे झाली. पदराशी चाळा करत म्हणाली, "तेल मी घालत होते."

मी विचारलं, "तू? का?"

"कमी झालं की तुमचं तोंड उतरायचं. मग मी डबा आणून ठेवला, धुण्याच्या साबणामागे. शेवटी अंदाज चुकला, जास्त पडलं."

मला भरून आलं. एवढ्या वर्षांच्या संसारात हिने माझ्यासाठी इतकं गुपचूप काही केल्याचं मला आठवत नाही. मी विचारलं, कोणत्या ग्रेडचं तेल? तिने खटकन बरोबर ग्रेड सांगितला. म्हटलं, तुला कसं माहीत? "डब्यावर लिहिलेलं असतं हो," ती म्हणाली. बसबाई आपल्या चपलेकडे बघत होती.

म्हणजे निळी बाटली कुचकामी. गाडी तेल पीतच होती.

मेकॅनिक म्हणाला, आता पिते कुठून ते बघू. पिस्टनच्या रिंगा झिजल्या असतील तर जोर लावताना, चढ चढताना धूर येतो. वॉल्वचे सील गेले असतील तर तेल वरून झिरपतं. मग सकाळी सुरू करताना येतो, नाहीतर उतार उतरून आल्यावर पुन्हा पाय दाबला की भसकन येतो. "तसा येतो का काका, उतारानंतर?"

मी काही गाडी उतारावर नेत नाही. म्हटलं, "सांगता येणार नाही."

"येतो," ही म्हणाली.

आम्ही सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"म्हणजे येत असेल. मागे कधी घाटातून आलो होतो ना, तेव्हा आला होता."

घाटातून आल्याला कैक वर्षं झाली. बायकांच्या स्मरणशक्तीपुढे हात टेकले! मेकॅनिकला एकदम शिंक आली आणि तो टायरमागे वाकला.

मग त्याने प्लग काढून प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजला. घड्याळासारखं यंत्र असतं. मी विचारलं, "याची पडताळणी शेवटची कधी झाली?" तो म्हणाला, "काका, तुम्ही रिटायर झालात ना?" मग सिलिंडरमध्ये चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजला. रिंगा झिजल्या असत्या तर तेलाने फट बुजून दाब वाढला असता. काटा जवळपास तिथेच थांबला. रिंगा शाबूत! गेलेत ते वॉल्वचे सील. रबराच्या इवल्याशा टोप्या, उन्हात वाळलेल्या चामड्यासारख्या कडक झालेल्या असणार, असं तो म्हणाला.

हिने विचारलं, "आठवड्यात होईल?" मी विचारण्याआधी.

१२ फेब्रुवारी

दुरुस्ती झाली. इंजिन न उतरवता झाली, आणि ती आमच्या कपडे वाळत घालायच्या दोरीने! वॉल्वची स्प्रिंग काढली की वॉल्व आत सिलिंडरमध्ये पडू शकतो. तसं झालं तर इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे अख्खं हेड, उतरवावं लागतं. म्हणून प्लगच्या भोकातून नायलॉनची दोरी आत सोडायची, हाताने इंजिन फिरवून पिस्टन वर आणायचा, म्हणजे दोरीची गुंडाळी खालून वॉल्वला टेकू देते. मेकॅनिकची दोरी आखूड पडली, तेव्हा हिने ओल्या कपड्यांसकट आमची सोडून आणली. माझे शर्ट दिवसभर कठड्यावर.

एकदा त्याच्या हातून एक टिचभर क्लिप उडाली आणि चार माणसं रांगत फिरली. ती बसबाईच्या केसात सापडली. नवे सील चढले, झाकणाचं पॅकिंगही बदललं. जुने सील मी दाबून पाहिले तर चक्क तुकडे पडले.

सुरू केली तर पुन्हा धूर! तो म्हणाला, "सायलेन्सरमध्ये साठलेलं जुनं तेल जळायला हवं. चांगली पळवा, मगच तपासणीला न्या."

मी म्हटलं, बघू, हळूहळू पळवू. बसबाई म्हणाली, "पळेल हो साहेब, पळेल."

१६ फेब्रुवारी

हे कसं लिहावं कळत नाही.

आज बुद्धिबळाला गेलो तर वाचनालय बंद. परत आलो आणि घरी जाण्याऐवजी समोर न्हाव्याकडे पेपर वाचत बसलो. इतक्यात जिन्यातून ही आली. हातात पर्स, पायात बूट. बूट! मागून बसबाई. ही गाडीचं ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडून बसली, सीट पुढे ओढली, आरसा नीट केला. बसबाई शेजारी. गाडी सुरू झाली, मागे येऊन खांबाला वळसा घालून एका दमात रस्त्यावर आली. त्या खांबाला मी चार वेळा घासलोय.

न्हावी म्हणाला, "बाई सफाईदार काढतात हो. दोन महिन्यांपूर्वी मला दुकान सोडून पळावंसं वाटायचं."

मी उठून केस कापायच्या खुर्चीत जाऊन बसलो. तो म्हणाला, "साहेब, परवाच कापलेत. आता कापू काय?" म्हटलं, काहीही काप.

किलोमीटर. सीट. उतारावरचा धूर. चढावर मागे सरकायचं ते गुडघ्यांचं नव्हतं! मी तिला पट्टे आणून दिले, पट्टे!

आधी राग आला. मग भीती वाटली, घाटात काही झालं तर? मग त्या खांबाजवळचं वळण आठवलं आणि, लिहायला हरकत नाही, जरा अभिमानच वाटला. मला का सांगितलं नाही? सांगितलं असतं तर मी तिला रोज शेजारी बसून शिकवलं असतं.

हं. म्हणूनच सांगितलं नसेल.

२३ फेब्रुवारी

मी काहीच बोललेलो नाही. मला माहीत आहे, हे तिला माहीत नाही. या खेळात आता मी पुढे आहे. रोज दुपारी बुद्धिबळाला जातो असं सांगून बाहेर पडतो. खरं तर न्हाव्याकडे बसतो. ही म्हणते, "वा, रोज? छानच." सकाळी तिच्याआधी उठून टायरची हवा बघतो, डिपस्टिक बघतो. गाडी सपाटून पळतेय आणि तेल खुणेवरून हललेलं नाही. धूर विरत विरत गेला. काल तर तिने न्हाव्याच्या दुकानासमोरून उगाचच दोन फेऱ्या मारल्या आणि हॉर्न वाजवला. मी पेपर तोंडासमोर धरला. थोडक्यात वाचलो.

२६ फेब्रुवारी

पास! केंद्रातल्या बाईने नळी दोनदा लावली, तिचा विश्वास बसेना.

जेवताना ही म्हणाली, "ताईचं ऑपरेशन नीट झालं. परवा घरी आणतायत. मी गाडी घेऊन जातेय. चालवत. लायसन्स मिळालंय मला."

मी चमचा ताटात टाकला. "काय सांगतेस! तू? गाडी? कधी शिकलीस?" दिवसभर आरशासमोर तयारी केली होती.

ही शांतपणे म्हणाली, "पेपर उलटा धरला होतात तुम्ही."

"कधी?"

"हॉर्न वाजवला तेव्हा. न्हाव्याने पहिल्याच दिवशी खालच्या बाईंना सांगितलं, बाईंनी मला. रोज रोज केस काय कापून घेता? टोपी घालावी लागेल आता."

मग आम्ही हसत सुटलो. ताटं तशीच. हसता हसता ही एकदम म्हणाली, "तुम्ही येणार नसाल तरी मी जाणार आहे. भांडण तुमचं आहे, बहीण माझी आहे."

मी म्हटलं, "एकटीला घाटात कशी जाऊ देऊ? तेल कोण बघणार?"

"तेच," ही म्हणाली आणि ताटं उचलली.

२८ फेब्रुवारी

घाटात मी तोंड उघडायचं नाही, अशी अट होती. पहिल्या वळणापर्यंत पाळली. दुसऱ्या वळणावर "गिअर" म्हणालो, तर हिने गाडी बाजूला घेऊन थांबवली आणि म्हणाली, "उतरायचंय का?" त्यानंतर मी फक्त आरशात मागे धूर दिसतो का ते पाहत होतो. नव्हता. एका चढावर पुढे ट्रक थांबला, आम्हीही थांबलो. मी डोळे मिटले. गाडी मागे इंचभरही न सरकता पुढे निघाली. डोळे उघडले तेव्हा ही गालातल्या गालात हसत होती.

साडू दारातच उभा होता. केस पिकलेत. त्याने मान हलवली, मी मान हलवली. त्याला माझ्या डोक्याकडे बघून काही विचारायचं होतं, पण बोलणं बंद असल्याने विचारता येईना.

१ मार्च

आज मेहुणीला टाके दाखवायला दवाखान्यात न्यायचं होतं. आम्ही दोघे पुरुष बूट घालून तयार. तर ही म्हणाली, "भावोजी, तुम्ही थांबा. अहो, तुम्हीही थांबा. ताईला मागच्या सीटवर पाय लांब करून बसवायचंय. तुम्हाला जागा नाही."

बरोबरच होतं. आम्ही बूट काढले.

मेहुणी काठी टेकत आली आणि पुढच्या सीटवर बसली. पाय दुमडून, ऐसपैस. दोघी काहीतरी बोलून खिदळल्या आणि गाडी निघून गेली. मागची सीट अख्खी रिकामी. घाईत विसरल्या असाव्यात.

रस्ता मोकळा झाला. आम्ही दोघे दारात. खूप वेळाने साडू म्हणाला, "मागे जागा होती ना?"

"होती."

"मग?"

"विसरल्या असतील."

"हं." त्याने घसा खाकरला. "कधी येणार म्हणाल्या?"

"मला नाही सांगितलं."

"मलाही नाही." मग रस्त्याकडेच बघत, "तुमच्या डोक्याला काय झालं?"

मी सगळं सांगितलं. न्हावी, उलटा पेपर, गुडघ्याचे पट्टे. पट्ट्यांपाशी तो भिंतीला टेकला आणि डोळे पुसायला लागला. "आत या," म्हणाला, "चहा करतो. मला येत नाही, पण करतो."

हे त्याच्या स्वयंपाकघरात बसून लिहितोय. पाणी केव्हाचं उकळतंय. तो कधीचा साखरेचा डबा शोधतोय, फळीवर चढून, ओट्याखाली वाकून, पुटपुटत. डबा माझ्या खुर्चीमागे आहे. अजून सांगितलेलं नाही.